मोंतोनेचे देणे

रोममधून वाहणारी टायबर नदी त्याआधी उंब्रियातून येते. इटलीच्या मधोमध असलेल्या आणि समुद्रकिनारा मुळीच न लाभलेल्या या प्रांताच्या उत्तर टोकाला तिचे खोरे रुंद होते. तळाशी तंबाखूची आणि सूर्यफुलांची शेते आहेत आणि दोन्ही अंगांना ओक व चेस्टनटच्या रानांनी झाकलेल्या टेकड्यांच्या रांगा आहेत. त्यांपैकी एका टेकडीवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४८० मीटर उंचीवर, मोंतोने हे गाव वसले आहे. आसपासच्या वाड्यावस्त्या धरून त्याची लोकसंख्या सोळाशेच्या आसपास भरते आणि तटबंदीच्या आत राहणारी माणसे त्याहूनही बरीच कमी आहेत. इटलीत असे डोंगरमाथ्यावरचे गाव शोधायला फार लांब जावे लागत नाही. तरीही या एका गावाबद्दल मराठीत लिहावे असे मला गेली काही वर्षे सतत वाटत आले आहे, कारण त्याच्या इतिहासाचा एक धागा थेट रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यापर्यंत येतो. मात्र तो धागा नीट समजायचा असेल, तर आधी मोंतोने समजून घ्यायला हवे. नुसत्या मराठी अभिमानाने तिथे गेलो तर अर्धीच गोष्ट हाती लागेल.

उंबेर्तिदे या खालच्या गावाकडून रस्ता वर चढू लागला की कार्पिना नावाचा ओढा खाली राहतो आणि माथ्यावरची दगडी भिंत दिसू लागते. गाव दोन उंचवट्यांमध्ये पसरलेले आहे. एका उंचवट्यावर संत फ्रान्सिसच्या पंथाच्या साधूंचे जुने चर्च आणि मठ आहे, तर दुसऱ्यावर पूर्वी गढी होती. तटाला तीन वेशी आहेत आणि त्या वेशींवरूनच गावाच्या तीन आळ्या ओळखल्या जातात : बोर्गो, मोंते आणि वेर्झिएरे. या आळ्या केवळ पत्ता सांगण्यापुरत्या नाहीत. आजही कोण कोणत्या आळीचा याला तिथे अर्थ आहे आणि त्या अर्थाकडे मी पुढे येणारच आहे. गल्ल्या अरुंद आणि चढउताराच्या आहेत, मधल्या चौकाला फोर्तेब्राच्चोचे नाव आहे, आणि गावाचा इतिहास सांगायचा म्हटले की प्रत्येक जण त्या नावापासूनच सुरुवात करतो.

आंद्रेआ फोर्तेब्राच्ची, ज्याला सगळी इटली ब्राच्चो दा मोंतोने म्हणून ओळखत होती, तो १३६८ मध्ये जन्मला. त्याचे घराणे मोंतोनेचे सरदार होते आणि खालच्या बाजूच्या पेरुजा शहरातल्या उमराव गटात त्यांचे स्थान होते. त्या काळी पेरुजात उमराव आणि सामान्य नागरिक यांच्या गटांमध्ये सत्तेसाठी सतत झगडा चालू असे, आणि ज्याची सरशी होई तो दुसऱ्याला शहराबाहेर काढी. फोर्तेब्राच्ची असेच बाहेर फेकले गेले आणि मोंतोनेही त्यांच्या हातून गेले. वतन गमावलेल्या तरुणाला तेव्हाच्या इटलीत एक धंदा खुला होता, तो म्हणजे तलवार भाड्याने देण्याचा. फ्लॉरेन्स, व्हेनिस, मिलान, नेपल्स आणि पोप या सगळ्यांच्या लढाया त्या काळी मुख्यतः पगारी सेनापती लढत असत. सेनापतीशी रीतसर करार होई, त्यात किती घोडेस्वार, किती महिने, किती पैसे हे लिहिलेले असे, आणि मुदत संपली की तोच सेनापती कालच्या शत्रूच्या चाकरीत जाऊ शकत असे. ब्राच्चोने हा धंदा अल्बेरिको दा बार्बियानो याच्या फौजेत शिकला. तिथे त्याच्याबरोबर मुत्सिओ आत्तेंदोलो स्फोर्त्सा नावाचा दुसरा तरुण होता. आधी ते मित्र होते, नंतर आयुष्यभराचे प्रतिस्पर्धी झाले, आणि इटलीतली युद्धकला पुढे कित्येक वर्षे या दोघांच्या नावांनी चालणाऱ्या दोन परंपरांमध्ये विभागली गेली. ब्राच्चोची रीत अशी की सगळी फौज एकदम झोकून द्यायची नाही. लहान तुकड्या आळीपाळीने पुढे पाठवायच्या, दमलेल्या मागे घ्यायच्या आणि ताज्या पुढे ढकलायच्या.

१२ जुलै १४१६ रोजी सांत'एजिदिओ येथे त्याने रिमिनीच्या कार्लो मालातेस्ताचा पराभव करून त्यालाच कैद केले आणि ज्या पेरुजाने त्याच्या घराण्याला हाकलले होते त्या शहराचा तो स्वामी झाला. भाडोत्री सेनापतीने राज्य मिळवले की तो ते लुटून मोकळा होतो, असा आपला समज असतो. ब्राच्चोने मात्र त्रासिमेनो सरोवराचे पाणी वाढून काठची शेते बुडत होती म्हणून जादा पाणी वाहून नेणारा बोगदा खोदवला आणि पेरुजाच्या मुख्य चौकात, कॅथेड्रलला लागून, कमानींची ओसरी बांधली. ती ओसरी आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. त्याचे आणि पोप मार्टिन पाचवा याचे पटणे शक्यच नव्हते. मध्य इटलीवर पोपचा हक्क होता आणि ब्राच्चो तिथे स्वतःचे राज्य उभे करू पाहत होता. शेवट १४२४ मध्ये ल'आक्विला शहराच्या वेढ्यात झाला. त्या वर्षी जानेवारीत स्फोर्त्सा पेस्कारा नदी ओलांडताना बुडून मेला होता. जूनच्या आरंभी ब्राच्चो लढाईत जखमी होऊन पकडला गेला आणि तिसऱ्या दिवशी मरण पावला. पोपने त्याला धर्मबहिष्कृत केलेले होते, त्यामुळे त्याचे प्रेत रोमला नेऊन पवित्र न केलेल्या जमिनीत पुरण्यात आले. आठ वर्षांनी, नवा पोप आल्यावर, त्याच्या पुतण्याने अस्थी पेरुजाला आणल्या. मोंतोनेच्या वाट्याला त्या आल्या नाहीत.

ब्राच्चोच्या पराक्रमापेक्षा मला त्याच्या मुलाची गोष्ट गावाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची वाटते. कार्लो फोर्तेब्राच्ची बापाच्या मृत्यूच्या वेळी अवघा काही वर्षांचा होता. मोठा झाल्यावर त्यानेही तीच चाकरी पत्करली आणि मुख्यतः व्हेनिसच्या वतीने लढला. ज्या मालातेस्ता घराण्यातल्या पुरुषाला बापाने कैद केले होते, त्याच घराण्यातल्या मार्गेरिताशी मुलाचे लग्न झाले. भाडोत्री सेनापतींच्या जगात वैर इतके टिकाऊ नसे. १४७३ मध्ये व्हेनिसने कार्लोला त्याच्या सेवेबद्दल एक अवशेष दिला : येशूच्या मस्तकावर घातलेल्या काटेरी मुकुटातला म्हणून पूजला जाणारा एक काटा. परंपरा सांगते की तुर्कांविरुद्धच्या लढायांतल्या कामगिरीची ती पावती होती. कार्लोने तो काटा स्वतःच्या गावाला आणला, आणि मोंतोने तेव्हापासून त्याला पवित्र काटा म्हणून जपत आले आहे. आज तो गावातल्या मुख्य चर्चमध्ये आहे आणि वर्षातून दोनदा, ईस्टरनंतरच्या सोमवारी आणि ऑगस्टमध्ये, लोकांच्या दर्शनासाठी बाहेर काढला जातो.

श्रद्धेचा भाग मी ज्याच्या त्याच्यावर सोडतो. मला त्यात दिसते ते असे की सेनापतीला मिळणारी मजुरी एरवी सोन्यात मोजली जाई आणि त्याच्याबरोबरच संपून जाई. ही एकच मजुरी गावाच्या नावावर जमा झाली आणि साडेपाचशे वर्षे खर्चून संपलेली नाही. काटा आल्यानंतर दशक उलटण्याच्या आत पोप सिक्स्टस चौथा याच्या हुकमावरून फोर्तेब्राच्चींची गढी जमीनदोस्त झाली. कार्लोही १४७९ मध्ये मेला. घराणे, गढी आणि दबदबा यांतले काहीच गावाकडे उरले नाही. उरला तो काटा, कारण तो कोणा एकाचा राहिला नव्हता.

गढी पाडल्यानंतर थोड्याच वर्षांत, १४८२ मध्ये, पेरुजाचा चित्रकार बार्तोलोमेओ कापोराली याने मोंतोनेसाठी मिरवणुकीत पुढे धरायचे एक मोठे निशाण रंगवले. साथीच्या रोगांच्या दिवसांत उंब्रियातली गावे अशी निशाणे रंगवून घेत आणि ती खांद्यावर धरून रस्त्यांतून फिरत, देवीने गावावरचे संकट वारावे म्हणून. या निशाणावर मरियम आपला झगा पसरून उभी आहे, त्या झग्याच्या आडोशाला लोक गुडघे टेकून बसले आहेत, आणि खाली तटबंदीसह सगळे मोंतोने दिसते. हे चित्र आज मठाच्या चर्चमध्ये केलेल्या संग्रहालयात आहे. त्यातले गाव आणि बाहेरचे गाव ताडून पाहण्याचा मोह कोणालाही होईल. मलाही झाला, आणि मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. राजवाड्यांतल्या चित्रांमध्ये धनी दिसतो आणि गाव कुठेतरी मागे टिंबाएवढे असते. इथे गावानेच स्वतःचे चित्र काढून घेतले आहे आणि त्यात स्वतःला देवीच्या पायाशी बसवले आहे. त्याच संग्रहालयात लाकडात कोरलेला तेराव्या शतकातला एक समूह आहे, ख्रिस्ताला क्रुसावरून उतरवतानाचा. तो आधी गावाबाहेरच्या, खूपच जुन्या सान ग्रेगोरिओ चर्चमध्ये होता. त्या आकृत्यांचे हात लांब आणि साधे आहेत, त्यांच्यात कसलाही आविर्भाव नाही, आणि मला त्या सगळ्या संग्रहालयात सर्वांत जवळच्या वाटल्या.

गावातून गेलेल्या वस्तूंमध्ये एक चित्र असे आहे की त्याचा उल्लेख टाळता येत नाही. लुका सिन्योरेल्ली हा त्या काळचा फार मोठा चित्रकार. मोंतोनेत राहणाऱ्या एका फ्रेंच वैद्याने त्याच्यावर आणि त्याच्या घरच्यांवर उपचार केले होते. त्या उपकाराची फेड म्हणून १५१५ मध्ये त्याने संत फ्रान्सिसच्या चर्चसाठी, बाळ येशूसह मरियम आणि संत यांचे एक मोठे चित्र रंगवून दिले. ते चित्र आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. जगभरातले लोक ते पाहतात, ही गोष्ट चांगलीच आहे; पण वैद्याची फी म्हणून एका लहान गावात टांगलेले चित्र त्या गावातल्या भिंतीवर पाहण्यात जो अर्थ होता, तो लंडनच्या दालनात उरत नाही, असे मला ठामपणे वाटते.

त्यानंतरची काही शतके मी भराभर ओलांडतो, कारण मोंतोनेनेही ती तशीच काढली. गाव पोपच्या राज्यात होते आणि १८६० मध्ये उंब्रिया नव्या इटालियन राज्यात सामील झाला. जमीन अर्धेलीने कसली जात होती. शेत आणि घर मालकाचे, कष्ट कुळाच्या सगळ्या कुटुंबाचे, आणि पीक निम्मे निम्मे. कोकणातल्या खोतीच्या आणि कुळांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. १९६४ मध्ये कायद्याने असे नवे करार बंद केले. पण तोपर्यंत शेतावर राहायला माणसेच उरत नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत उंब्रियाच्या टेकड्यांवरून हजारो कुटुंबे खालच्या गावांतल्या कारखान्यांकडे, रोमकडे, तसेच फ्रान्स, बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधल्या कामांकडे निघून गेली. दगडी शेतघरांची छपरे कोसळली. डोंगरमाथ्यावरच्या अनेक गावांचे पुढे काय झाले ते इटलीभर दिसते : काही ओस पडली, काही नुसत्या हॉटेलांची झाली.

मोंतोने ओस पडले नाही याचे श्रेय मी तीन आळ्यांना देतो. दर ऑगस्टमध्ये काट्याच्या आगमनाचा सोहळा होतो. कार्लो घोड्यावरून काटा घेऊन येतो, मार्गेरिता मालातेस्ता त्याचे स्वागत करते, मागे ढोलताशे, भालदार, निशाणे आणि मध्ययुगीन पोशाखातले गावकरी अशी मोठी मिरवणूक निघते. त्याआधीचा सबंध आठवडा बोर्गो, मोंते आणि वेर्झिएरे या आळ्या एकमेकींना आव्हाने देतात. चौकात मोठ्याने आव्हानपत्रे वाचली जातात, त्यांत दुसऱ्या आळीची यथेच्छ टर उडवलेली असते. तिरंदाजीच्या स्पर्धा होतात. प्रत्येक आळी आपल्या गल्ल्यांमध्ये जुन्या काळातले प्रसंग उभे करते आणि आपली खानावळ चालवते, जिथे त्या आळीतली माणसेच रांधतात आणि वाढतात. मार्गेरिता कोणत्या आळीची असावी यासाठीही चुरस असते.

असे सोहळे इटलीत पुष्कळ आहेत, त्यांपैकी बरेचसे विसाव्या शतकात नव्याने सुरू झालेले किंवा पुन्हा उभे केलेले आहेत, आणि पर्यटकांसाठी मांडलेला देखावा म्हणून त्यांना नावे ठेवणारे लोकही पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. पर्यटक ऑगस्टच्या एका संध्याकाळी येतो आणि जातो. पण मखमलीचे झगे कोणीतरी शिवलेले असतात, मागच्या वर्षीच्या मुलीची उंची वाढली म्हणून तिचा पोशाख धाकटीला बसता केलेला असतो, ढोल वाजवायला पोरांना कोणीतरी शिकवलेले असते, दीडदोनशे माणसांच्या जेवणाचा हिशेब कोणीतरी ठेवलेला असतो. सोळाशे माणसांच्या गावात हे काम परक्या कंत्राटदाराला देता येत नाही. जो उठतो त्याच्या वाट्याला काही ना काही येतेच. मोठ्या शहरातल्या उत्सवात माणूस प्रेक्षक होऊ शकतो. इथे तेवढी माणसेच नाहीत. त्यामुळे पेरुजात नोकरी करणारी मुलगी किंवा दूर उत्तरेत शिकायला गेलेला मुलगा ऑगस्टमध्ये गावी परत येतो, जसा चाकरमानी गणपतीला येतो, कारण त्याच्याशिवाय आळीचे काम अडते.

नव्या लोकांनीही गाव जिवंत ठेवायला हातभार लावला आहे. पडझड झालेली शेतघरे परदेशी लोकांनी विकत घेतली आणि पुन्हा उभी केली. चित्रपट दिग्दर्शक टेरी गिलियम याचे घर या परिसरात आहे. गावात दर उन्हाळ्यात भरणाऱ्या उंब्रिया चित्रपट महोत्सवाशी त्याचे नाव जोडलेले आहे आणि गावाने त्याला मानद नागरिकत्व दिले आहे. महोत्सवाच्या रात्री फोर्तेब्राच्चोच्या चौकात पडदा लागतो आणि आळ्यांतल्या आज्या आपापल्या खुर्च्या घेऊन येतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला रानमेव्याचा बाजार भरतो. चेस्टनट, अळंबी, ट्रफल आणि मध हे त्याचे मुख्य जिन्नस. आणि ज्या मठात कापोरालीचे निशाण आहे, त्याच मठात आफ्रिकेतल्या वस्तूंचे एक संग्रहालय आहे, ज्याचे नाव बोलणाऱ्या ढोलावरून ठेवले आहे. एवढ्याशा गावाला आफ्रिकेचे संग्रहालय कशाला, असा प्रश्न मला आधी पडला होता. मोंतोनेचे आजवरचे वागणे बघितल्यावर तो पडत नाही. बाहेरून आलेली गोष्ट आपली म्हणून ठेवून घेणे हे या गावाला १४७३ पासून ठाऊक आहे. मात्र हिवाळ्यात अनेक घरांच्या खिडक्या बंद असतात, आणि बंद घरांची डागडुजी कितीही सुरेख केली तरी त्यांतून आळीला ढोल वाजवणारा मिळत नाही, ही काळजी खरी आहे.

आता १९४४.

त्या वर्षीच्या वसंतात आणि उन्हाळ्यात टायबरच्या वरच्या खोऱ्याने जे भोगले, ते मुक्ती या एका शब्दात मावणारे नाही. २५ एप्रिल रोजी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी उंबेर्तिदे येथील पुलावर बॉम्ब टाकले. पूल वाचला आणि बॉम्ब वस्तीवर पडून ७० माणसे मेली. मे आणि जूनमध्ये डोंगरांत सान फाउस्तिनो ब्रिगेडचे बंडखोर लढत होते आणि गावकरी त्यांना भाकरी पोहोचवत होते. २० जूनला पेरुजा मुक्त झाले. जर्मन फौज उत्तरेकडे हटत होती, पण हटता हटता प्रत्येक डोंगरधारेवर थांबून लढत होती, कारण मागे अॅपेनाइन पर्वतात त्यांची पक्की संरक्षणफळी तयार होत होती आणि तिच्यासाठी त्यांना वेळ मिळवायचा होता. २८ जूनला याच माघारीत पेनेतोला येथील एका शेतघरात जर्मन सैनिकांनी १२ निरपराध माणसे मारली. उंबेर्तिदेपासून ते घर फार लांब नाही.

या खोऱ्यातून वर सरकणारी फौज होती दहावी भारतीय डिव्हिजन. मोंतोने आणि त्याच्या आसपासच्या टेकड्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिच्या लढाईत सापडल्या आणि गाव जर्मनांच्या हातून सुटले. पुढचे मोठे गाव चित्ता दि कास्तेल्लो होते, आणि ते मिळायला २२ जुलै उजाडावा लागला. नकाशावर हे अंतर काही किलोमीटरचेच आहे. पण त्या किलोमीटरमध्ये टेकडीमागून टेकडी होती, रस्ते सुरुंगांनी उडवलेले होते, आणि दारूगोळा व पाणी बहुतेक ठिकाणी खेचरांच्या पाठीवरून वर न्यावे लागत होते. या डिव्हिजनमध्ये पाचव्या मराठा लाईट इन्फंट्रीची तिसरी बटालियन होती, आणि तिच्यात नाईक (शिपायाच्या वरचा एक लष्करी हुद्दा) यशवंत घाडगे होते : माणगाव तालुक्यातल्या पळसगाव-आंब्रेचीवाडीचे, वय २२.

१० जुलै १९४४ रोजी त्यांच्या कंपनीने शत्रूच्या एका मजबूत ठाण्यावर हल्ला केला. घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज तुकडीतला प्रत्येक माणूस मेला किंवा जखमी होऊन पडला. आपल्याबरोबर आता कोणीच नाही हे दिसत असताना ते एकटे त्या मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकून त्यांनी ती बंद पाडली आणि ती चालवणाऱ्याला मारले. तिथल्या आणखी एकाला त्यांनी टॉमीगनने टिपले. मग नवे मॅगझिन भरायलाही वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्यांनी दस्त्याने मारले. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि एकट्याने जिंकलेल्या त्या ठाण्यातच ते मरण पावले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिश सरकारचा शौर्याचा सर्वोच्च सन्मान, मिळाला. त्यांची कबर वा समाधी कुठे आहे हे ठाऊक नाही. मोंते कास्सिनोजवळच्या युद्धस्मारकावर, ज्यांची कबर माहीत नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांच्या नावांमध्ये त्यांचे नाव कोरलेले आहे.

या व्हिक्टोरिया क्रॉसचे मानपत्र मी अनेकदा वाचले आहे. त्यातली प्रत्येक कृती एखाद्या क्षणाची आहे आणि ते वाचायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. शौर्य त्यात आहेच; पण पळसगावहून निघालेला बावीस वर्षांचा मुलगा उंब्रियातल्या एका टेकडीवर कोणाच्या लढाईसाठी होता, हा प्रश्न मला टाळता येत नाही. मायदेश त्याचा पारतंत्र्यात होता. त्याच्या मरणाच्या दोनच वर्षे आधी गवालिया टँक मैदानावर चले जावचा ठराव झाला होता आणि देशातले नेते तुरुंगात गेले होते. इंग्रज सरकारच्या पगारावर तो जर्मनांशी इटलीत लढला, म्हणून कोणी त्याला भाडोत्री म्हणत असेल तर ते अन्यायाचे आहे. आणि त्याने केवळ स्वातंत्र्यासाठी बलिदान केले असे आपण आज म्हणत असू, तर तेही त्याच्या परिस्थितीला सोपे करून टाकणे आहे. कोकणातल्या नापीक उतारांवरची शेती, घरात खाणारी तोंडे, पलटणीत गेलेले मामा-काका आणि दर महिन्याला येणारी मनीऑर्डर, यांतून मराठा पलटणी भरत गेल्या. त्याच मराठा लाईट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमधले नामदेव जाधव, तेव्हाच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचे, एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीच्या काठी असेच लढले आणि त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सुदैवाने ते जगले. इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांहून अधिक भारतीय सैनिक होते, त्यांपैकी ५,७८२ तिथेच राहिले, आणि त्या मोहिमेत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय सैन्यातल्या जवानांना मिळाले. हे आकडे आपल्या शाळेच्या इतिहासात मी कधी वाचले नाहीत. स्वातंत्र्यानंतर आपण या माणसांना कुठे ठेवायचे ते ठरवू शकलो नाही, म्हणून त्यांना बाजूला ठेवले.

मोंतोनेने तसे केले नाही. जुलै २०२३ मध्ये गावाच्या नगरपालिकेने आणि इटालियन युद्ध-इतिहासकारांनी मिळून नाईक यशवंत घाडगे यांच्या नावाने तिथे एक स्मारक उभारले, भारताच्या राजदूतांच्या उपस्थितीत. स्मारकाचा आकार सूर्यघड्याळाचा आहे आणि त्यावर लॅटिनमध्ये असे लिहिले आहे की आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत. इटलीत लढलेल्या सगळ्याच भारतीय सैनिकांसाठी ते स्मारक आहे, आणि नाव त्यातल्या एका नाईकाचे दिले आहे. जनरल, डिव्हिजन, साम्राज्य यांपैकी कोणाचेही नाव न घेता नाईकाचे घेतले, ही निवड मला फार मोलाची वाटते.

ती मोंतोनेलाच का सुचली असावी, याचा मी खूप विचार केला आहे. परराष्ट्र खात्यांच्या सौजन्याचा भाग त्यात असेल, तो नाकारत नाही. पण अशी सौजन्ये मोठ्या शहरांत फलक लावून संपतात. या गावाचा सगळ्यात प्रसिद्ध पुत्र दुसऱ्यांच्या लढाया पगारावर लढत मोठा झाला आणि परक्या शहराच्या वेशीजवळ मेला. त्याच्या हाडांना पवित्र जमीन मिळायला आठ वर्षे लागली. त्याच्या मुलाने समुद्रापलीकडच्या शत्रूशी दुसऱ्या राज्यासाठी लढून जे मिळवले, त्यावर हे गाव आजही दर ऑगस्टला उभे राहते. दुसऱ्याच्या युद्धात, घरापासून दूर, पगारी शिपाई म्हणून मरणे म्हणजे काय, हे मोंतोनेला कोणी शिकवायला नको. ब्राच्चोला राज्य मिळवायचे होते आणि घाडगे यांना तसे काहीच मिळणार नव्हते, हा फरक मी विसरत नाही; उलट त्या फरकामुळेच गावाचे त्यांच्याकडे देणे जास्त होते. व्हेनिसने कार्लोला काटा दिला, सिन्योरेल्लीने वैद्याला चित्र दिले, आणि मोंतोनेने ऐंशी वर्षांच्या आतच आपल्या टेकड्यांवर मेलेल्या एका कोकणी माणसाला गावात जागा दिली. गावात जागा मिळणे ही आपल्याकडेही साधी गोष्ट समजली जात नाही.

मी तिथे गेलो तेव्हा दुपारचे ऊन कडक होते, खोऱ्यातून ट्रॅक्टरचा आवाज येत होता आणि उत्तरेकडच्या टेकड्या एकामागे एक फिकट होत गेल्या होत्या. नेमकी कोणत्या उतारावर ती तुकडी पडली, हे मी शोधत बसलो नाही. चौकातल्या दुकानात मी कुठून आलो असे विचारले, तेव्हा भारतातून म्हटल्यावर समोरच्या वृद्ध गृहस्थांनी हाताने स्मारकाची दिशा दाखवली, मी न विचारताच.

माणगावातही घाडगे यांचा पुतळा आहे, सरकारी कचेरीच्या आवारात, आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथे उत्सव भरतो. म्हणजे एकाच माणसासाठी दोन गावे, एक रायगडात आणि एक उंब्रियात, वर्षातून एकदा तरी थांबतात. या दोघांची एकमेकांशी गाठ पडावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. इटलीतल्या नगरपालिका परदेशी गावांशी जोडगावांचे करार करतात. त्यांत मुले एकमेकांकडे राहायला जातात, शाळा पत्रव्यवहार करतात, उत्सवांना पाहुणे येतात. माणगाव आणि मोंतोने यांचा असा करार व्हायला कोणाचीही हरकत असण्याचे कारण नाही. माणगावच्या शाळेतली चार मुले एखाद्या ऑगस्टमध्ये तिथे गेली, तर बोर्गो, मोंते आणि वेर्झिएरे यांच्यात त्यांना आपल्या आळीकडे ओढण्यासाठी भांडण होईल, एवढे त्या गावाला पाहून मी खात्रीने सांगू शकतो. आणि मोंतोनेची मुले इकडे आली, तर त्यांना आधी पळसगावला न्यावे, पुतळा मग दाखवावा. यशवंत घाडगे ज्या वाटेने भरतीला निघाले असतील, ती वाट त्यांना पाहू द्यावी, आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांनी त्यांना पलटणीत गेलेल्या आपापल्या घरातल्या माणसांची नावे सांगावीत.